दुचाकी आणि शेजारधर्म

२००३ सालच्या मे महिन्यातील एक संध्याकाळ आमच्या स्मरणात आहे. नगर शहरालगतच्या एका धर्मग्रामात आम्ही त्या वेळी साहाय्यक धर्मगुरू होतो. रोझरीची प्रार्थना आटोपून माणसे पांगली होती आणि मिशनच्या आवारातील कडुलिंबाखाली एक बाप व त्याचा मुलगा आमची वाट पाहत उभे होते. घरून भांडूनच आलेले आहेत हे दोघांच्याही चेहऱ्यांवरून दिसत होते. बाप नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत, दुचाकी वाहनांचे सुटे भाग बनविणाऱ्या एका लहानशा कारखान्यात पंचवीस वर्षे टर्नर होता. तो कारखाना दोन वर्षांपूर्वी बंद पडला होता. मुलगा नुकताच औषधांच्या दुकानात नोकरीला लागला होता व त्याला हप्त्यांवर स्कूटर घ्यावयाची होती. जपानी कंपनीची, गिअर नसलेली, बटण दाबताच सुरू होणारी. बापाचे म्हणणे एवढेच होते, की ती गाडी आपल्या दारात उभी राहणार नाही.

"फादर, ह्या गाड्या आल्या अन् आमचं काम गेलं. आता तीच गाडी माझ्या दारात? तुम्हीच सांगा, हे बरोबर आहे का?"

मुलाने मान खाली घालूनच उत्तर दिले. "बाबा, तुमचा मालक तर आपलाच होता ना? नगरचाच. रातोरात टाळं लावलं त्यानं. तुमची ग्रॅच्युइटी अजून दिली नाही. ती काय जपान्यानं बुडवली?"

मग दोघेही आमच्या तोंडाकडे पाहू लागले. आम्ही काय सांगितले असेल? घरात शांतता राखा, वडिलांचे मन दुखवू नका, मुलाचीही अडचण समजून घ्या. सेमिनरीत तत्त्वज्ञान व ईशज्ञान शिकून आलेल्या माणसाने द्यावे असे ते उत्तर नव्हते, आणि ते उत्तर नव्हतेच हे त्या दोघांनीही तत्काळ ओळखले. बाप "बरं फादर" म्हणाला आणि चपला सरकावत निघून गेला.

त्यानंतर हा प्रश्न आमचा पिच्छा सोडीनासा झाला. एखादी वस्तू विकत घेताना ती 'आपल्यां'ची आहे की 'परक्यां'ची, ह्याला काही नैतिक अर्थ आहे काय? असल्यास तो किती? आणि मुळात आपला कोण नि परका कोण, हे ठरवावयाचे कसे?

नगरकराने हा प्रश्न दुचाकीपासूनच सुरू करावा, कारण ह्या शहराचे नाव देशभर ज्या वस्तूने पोहोचविले ती एक दुचाकीच होती. मुंबई विधानसभेचे अध्यक्षपद भूषविलेले नगरचे कुंदनमल फिरोदिया ह्यांचे चिरंजीव हस्तीमल फिरोदिया ह्यांनी येथे कायनेटिक इंजिनिअरिंगचा कारखाना उभा केला आणि १९७२ साली लुना रस्त्यावर आली. पन्नास सीसीचे इंजिन, सायकलीसारखी पायंडले, हलके अंग. पेट्रोल संपले तर पायंडल मारीत घरी यावे. श्रीरामपूर, राहाता, संगमनेर ह्या पट्ट्यात ज्यांचे बालपण गेले त्यांना लुनाचे वेगळे वर्णन करून सांगावयास नको. दुधाचे कॅन, खताची गोणी, शाळामास्तर, ग्रामसेविका, सारे काही तिने वाहिले. आमच्या गावी धर्मशिक्षण देण्यास येणारे मास्तर लुनावरून येत आणि प्रार्थनेपूर्वी तिच्या आवाजानेच आम्हां पोरांची धांदल उडे. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेत एका लुनावर नवराबायको, पुढे एक पोर आणि मागे मेणबत्त्यांची पिशवी असे दृश्य आम्ही कितीदा पाहिले असेल, ह्याची गणती नाही.

त्या टर्नरबाबांचा अभिमान म्हणजे हा सारा इतिहास होता. पण थोडे खोलात जावे तर काय आढळते? लुनाचा मूळ आराखडा इटलीच्या पियाज्जो कंपनीच्या 'चाओ' नावाच्या मोपेडचा. ज्या स्कूटरसाठी एके काळी आपल्या लोकांनी वर्षानुवर्षे नंबर लावून वाट पाहिली ती बजाजची स्कूटरही पियाज्जोच्याच वेस्पाच्या कुळातली. पुढे १९८४ साली फिरोदियांनी जपानच्या होंडाशी भागीदारी केली आणि कायनेटिक होंडा आली. हिचा कारखाना इंदूरजवळच्या पिथमपूरला होता, तरी तिच्यावर नगरकरांनी आपलेपणाचा हक्क सांगितलाच. बटणावर सुरू होणारी, गिअर नसलेली स्कूटर भारतीय कुटुंबांत, विशेषतः स्त्रियांच्या हाती, प्रथम तिनेच दिली. १९९८ मध्ये भागीदारी संपली, १९९९ साली होंडाने भारतात स्वतःची स्वतंत्र दुचाकी कंपनी काढली आणि कालचा भागीदार आजचा प्रतिस्पर्धी झाला. २००८ मध्ये कायनेटिकचा दुचाकींचा व्यवसाय महिंद्रांकडे गेला. नगरचा मूळ कारखाना गिअर व मोटारींचे सुटे भाग करू लागला. फेब्रुवारी २०२४ मध्ये लुना हे नाव पुन्हा आले, ह्या वेळी विजेवर चालणाऱ्या गाडीवर.

म्हणजे जिला आपण 'आपली' म्हणत होतो ती जन्माने इटालियन, आणि जिला 'परकी' म्हणत होतो ती हरियाणातील मानेसरच्या कारखान्यात हिंदी पोरांच्या हातून तयार होत होती. त्या मुलांची कथाही ऐकण्याजोगी आहे. २५ जुलै २००५ रोजी गुडगावात होंडाच्या दुचाकी कारखान्यातील कामगारांवर पोलिसांनी केलेल्या लाठीमाराची दृश्ये दूरदर्शन संचांवर साऱ्या देशाने पाहिली. कामावरून काढलेल्या सोबत्यांना परत घ्यावे, आपली संघटना मान्य करावी, एवढ्यासाठी ते झगडत होते. ते कामगार परकी गाडी बनवीत होते म्हणून आमच्या टर्नरबाबांचे शत्रू ठरत होते काय? बाबांनी ती दृश्ये पाहिली असती तर स्वतःचेच भाऊबंद त्यांना त्यांत दिसले असते.

ह्या स्पर्धेचे सर्वांत मोठे आणि सर्वांत कटू नाटक मात्र अमेरिकेत घडले. मोटारींचे शहर म्हणून जगभर गाजलेले डेट्रॉईट. जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायस्लर ह्या तीन कंपन्यांनी अवघी बाजारपेठ आपली मानली होती. १९७३ साली तेलाची टंचाई आली, १९७९ साली पुन्हा आली, आणि लांबलचक, पेट्रोल पिणाऱ्या अमेरिकन गाड्यांपेक्षा लहानशी जपानी गाडी लोकांना परवडू लागली. क्रायस्लर बुडण्याच्या बेतात आली, तेव्हा सरकारने तिच्या कर्जाला हमी दिली. १९८१ मध्ये जपानने अमेरिकेस पाठवावयाच्या मोटारींवर वर्षाला १६ लक्ष ८० हजारांची मर्यादा 'स्वेच्छेने' घालून घेतली. (राष्ट्राराष्ट्रांच्या व्यवहारातील ही स्वेच्छा कशी असते, हे वाचकांस सांगण्याची गरज नाही.) परिणाम काय झाला? जपानी कंपन्यांनी अमेरिकेतच कारखाने काढले. १९८२ साली ओहायो राज्यात होंडाची मोटार अमेरिकन हातांनी बनू लागली.

ह्यातील एक हकीकत आम्हांस विशेष विचार करावयास लावते. कॅलिफोर्नियातील फ्रीमॉन्ट येथील जनरल मोटर्सचा कारखाना १९८२ मध्ये बंद झाला होता. तेथील कामगार म्हणजे गैरहजर राहणारे, दारू पिणारे, वाईट काम करणारे अशी त्यांची ख्याती. १९८४ साली जनरल मोटर्स व टोयोटा ह्यांनी भागीदारीत तोच कारखाना पुन्हा सुरू केला, बहुतांशी त्याच कामगारांना व त्यांच्याच संघटनेला घेऊन. फरक एवढाच, की काही चुकते आहे असे दिसल्यास दोरी ओढून संपूर्ण साखळी थांबविण्याचा अधिकार आता साध्या कामगारालाही होता. गैरहजेरी घसरली आणि गाड्या उत्तम निघू लागल्या. ज्यांना 'आपल्या' मालकाने नालायक ठरविले होते त्यांच्यावर विश्वास टाकावयास परका यावा लागला. हे वाचताना आम्हांला त्या औषधाच्या दुकानातील मुलाचे शब्द आठवले.

आणि ह्याच वर्षांत, जून १९८२ मध्ये, डेट्रॉईटजवळच्या हायलंड पार्क येथे व्हिन्सेंट चिन नावाच्या सत्तावीस वर्षांच्या तरुणाला बेसबॉलच्या बॅटने इतके मारण्यात आले, की चार दिवसांनी तो मृत्यू पावला. मारणाऱ्यांपैकी एक क्रायस्लरमध्ये पर्यवेक्षक होता आणि दुसरा, त्याचा सावत्र मुलगा, मोटार कारखान्यातून कमी केलेला कामगार. आमच्या नोकऱ्या तुमच्यामुळे गेल्या, अशा अर्थाचे उद्गार त्या रात्री काढले गेल्याची साक्ष झाली. चिन जपानी नव्हताच. तो चिनी वंशाचा अमेरिकन नागरिक होता, तेथेच वाढलेला. न्यायालयाने दोघांना तीन वर्षांची परिवीक्षा व प्रत्येकी तीन हजार डॉलर दंड सुनावला. तुरुंगवास एक दिवसाचाही नाही. 'परकी गाडी नको' ह्या वाक्यातील 'गाडी' हा शब्द किती सहज गळून पडतो आणि 'परका नको' एवढेच कसे उरते, ते येथे दिसून येते. बेकारीचे दुःख खरे होते. त्या दुःखाने पकडलेला माणूस मात्र चुकीचा होता, आणि बरोबर माणूस सापडला असता तरी ती बॅट चुकीचीच ठरली असती.

आपल्याकडे इतके टोक गाठले गेले नाही, ह्याबद्दल प्रभूचे आभार मानावेत; परंतु तर्क तोच होता. १९९१ नंतर दारे उघडली, तेव्हा १९९३ साली मुंबईत काही बडे उद्योगपती एकत्र आले व परदेशी कंपन्यांशी झुंजावयाचे तर आम्हांला समान भूमी द्या, अशी मागणी त्यांनी केली. 'बॉम्बे क्लब' ह्या नावाने वृत्तपत्रांनी त्यांना ओळखले. मागणी अगदीच अन्यायाची नव्हती. ज्यांच्यावर कर्जाचे व्याज अधिक, ज्यांना कित्येक वर्षे परवान्याविना एक जादा गाडीही काढता येत नव्हती, त्यांना एकाएकी जगातील मल्लांसमोर उभे करणे हा न्याय्य सामना म्हणता येत नाही. परंतु त्याच बंद दारांच्या काळात ग्राहकाला काय मिळत होते, हेही आठवावे. पैसे भरून वर्षानुवर्षे थांबा, मिळेल तो रंग घ्या, दार नीट लागत नसेल तर जोराने लावा. ग्राहक हाही देशबांधवच होता. त्याच्याशी वागताना स्वदेशीचे कर्तव्य कोणी पाळले? आपले म्हणून घेण्याचा हक्क सांगणाऱ्याने आपल्यासाठी काही करावेही लागते.

आता आरसा उलटा धरून पाहू. जून २००८ मध्ये टाटा मोटर्सने फोर्डकडून जग्वार आणि लँड रोव्हर ह्या इंग्रजी कंपन्या २.३ अब्ज डॉलरला विकत घेतल्या. त्या दिवशी पुण्या-मुंबईत आनंद झाला, आणि खोटे कशास बोलावे, आम्हांलाही झाला. राज्य करणाऱ्यांची मोटार आता आपली! पण इंग्लंडमधील सोलिहल वा हेलवूडच्या कामगाराच्या घरी त्या रात्री कोणती चर्चा झाली असेल? तेथे परके आम्ही होतो. तळेगावचे उदाहरण याहून जवळचे. अमेरिकेच्या जनरल मोटर्सने २००८ साली तेथे कारखाना काढला, २०१७ मध्ये भारतात गाड्या विकणे थांबविले, २०२० च्या अखेरीस उत्पादनही बंद केले, आणि पुढे तो कारखाना कोरियाच्या ह्युंदाईने घेतला. दरम्यानच्या काळात तेथील मराठी कामगार न्यायालयांचे उंबरठे झिजवीत राहिले. परका निघून जातो म्हणून आपण त्याला दोष देतो. पण आमच्या टर्नरबाबांचा मालक तर कुठेच गेला नव्हता. तो त्याच शहरात राहत होता.

संत थॉमस अक्वायनस ह्यांनी 'सुम्मा थिओलॉजिका'मध्ये प्रीतीलाही एक क्रम असतो, असे प्रतिपादन केले आहे. सर्वांवर सारखीच प्रीती करा असा पोकळ उपदेश ते करीत नाहीत. आईवडील, नातलग, सहनागरिक ह्यांचे आपल्यावर अधिक ऋण असते आणि ते प्रथम फेडावयाचे असते. टर्नरबाबांच्या बाजूने ह्याहून भक्कम आधार सापडणार नाही. मात्र तेच संत थॉमस पुढे म्हणतात, की परका अत्यंत गरजेत असेल आणि स्वतःचा पिता तशा गरजेत नसेल, तर परक्याला आधी मदत करणे योग्य ठरू शकते. क्रम आहे, पण तो लोखंडी नाही. गरज त्याला वाकविते. शुभवर्तमानातील शोमरोनी माणूस तर परकाच होता, आणि आपल्या धर्माचे दोघे जण रस्त्याच्या पलीकडून निघून गेले होते. शेजारी कोण हे रक्तावरून वा गावावरून ठरविण्याची सोय प्रभू येशूने तेथे काढून घेतली आहे.

पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी १९८१ सालच्या कामगारविषयक परिपत्रकात 'अप्रत्यक्ष मालक' अशी एक कल्पना मांडली. कामगाराला प्रत्यक्ष पगार देणारा एक मालक असतो. परंतु त्याची परिस्थिती ठरविणारे राज्य, कायदे, व्यापाराचे करार हेही त्याच्या श्रमांना जबाबदार असतात. आणि सोळावे बेनेडिक्ट ह्यांनी २००९ साली सांगितले, की खरेदी ही केवळ आर्थिक नव्हे, तर नेहमीच नैतिक कृती असते. हे दोन विचार जोडून पाहिले तर ग्राहकही लहानसा अप्रत्यक्ष मालकच ठरतो, असे आम्हांस वाटते. हा निष्कर्ष आमचा आहे, पोपमहोदयांच्या नावावर तो खपवू नये.

पण मग त्या मुलाने काय करावयाचे? महिन्याला साडेतीन हजार रुपये कमावणाऱ्या, रात्री दहाला दुकान बंद करून आठ किलोमीटर घरी येणाऱ्या तरुणाने बापाच्या बंद पडलेल्या कारखान्याच्या निष्ठेपायी कमी टिकणारी गाडी घ्यावी, ही अपेक्षा आम्हांला न्याय्य वाटत नाही. देशाच्या उद्योगाला तगविण्याचा भार गरीब ग्राहकाच्या खिशावर टाकणे म्हणजे श्रीमंताची देशभक्ती गरिबाच्या पैशांनी करणे होय. त्याने ती स्कूटर घेण्यात पाप नव्हते. हे आम्ही त्याच संध्याकाळी स्पष्ट सांगावयास हवे होते.

त्याच वेळी बापाचा दावाही खोटा नव्हता, आणि हे तर आम्ही मुळीच सांगितले नाही. चांगली व स्वस्त गाडी मिळाल्याने हजारो कुटुंबांचा लाभ झाला. त्या लाभाची किंमत काही शे माणसांनी आपल्या नोकरीने मोजली. लाभ वाटला गेला, तोटा मात्र वाटला गेला नाही. पन्नाशीच्या टर्नरला संगणकावर चालणारे लेथ शिकविण्याची सोय कोणी केली नाही. त्याची देणी वसूल करून देण्यास कोणी धावले नाही. ती स्कूटर घेणाऱ्या आम्हां सर्वांच्या मनात तो येऊनही गेला नाही. ग्राहकाने चांगली वस्तू निवडली म्हणून तो दोषी होत नाही, पण म्हणून त्याचे देणेही फिटत नाही. ते देणे दुकानात नव्हे, अन्यत्र फेडावयाचे असते: मतपेटीत, कामगार संघटनेत, धर्मग्रामाच्या सभेत, आणि शेजाऱ्याच्या ओट्यावर.

हे लिहिण्याचा अधिकार आम्हांला कितपत आहे, अशी शंका वाचकाने घ्यावी. २०११ साली दुसऱ्या एका धर्मग्रामात मिशनसाठी चारचाकी घ्यावयाची होती. समितीची बैठक तासभर चालली. किंमत, ॲव्हरेज, खेड्यांतील रस्ते, दुरुस्तीची सोय, सर्वांचा खल झाला. गाडी कोण बनवितो, त्याला काय मिळते, हा विषय कोणी काढला नाही, आणि अध्यक्षस्थानी बसलेल्या आम्हीही काढला नाही. परदेशी कंपनीची गाडी घेतली. चांगली निघाली.

त्या स्कूटरचे पुढे काय झाले ते सांगावयाचे राहिले. दिवाळीच्या सुमारास मुलाने ती घेतली. रविवारच्या मिस्सानंतर आशीर्वादासाठी तो ती मंदिरापुढे घेऊन आला, आणि आश्चर्य म्हणजे मागे त्याचे वडील बसलेले होते. आम्ही प्रार्थना म्हटली, पवित्र पाणी शिंपडले. बाबा मात्र गुडघ्यावर बसून मागच्या चाकापाशी काहीतरी न्याहाळीत होते. एका बोल्टवरून त्यांनी अंगठा फिरविला, दोनदा. मग उठले.

"आटे चांगले काढलेत," ते म्हणाले. "कोण पोरगं असंल, हात चांगला आहे त्याचा."

त्यांच्या थकलेल्या रकमेसाठी आम्ही त्यांच्याबरोबर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात एकदा गेलो होतो. पुढची तारीख जूनमध्ये होती. जूनमध्ये आमची बदली झाली, आणि नव्या धर्मगुरूंना त्या कागदांविषयी सांगावयाचे आमच्याकडून राहून गेले.